डोणीतलं पाणी आणि अमेरिकेची घटना

आमच्या तालुक्यात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. न्यायाधीशांच्या देखत एका वकीलबाईने वस्तीच्या डोणीतलं पाणी गटागटा पिऊन टाकलं, जमलेल्या गावाला खडे बोल सुनावले आणि खटला जिंकला, अशी ती गोष्ट. एकदा एसटीत शेजारच्या बाईंनी ती मलाच सांगितली. त्यांच्या गोष्टीतली वकीलबाई उंच आणि धीट होती. मी माझा थांबा यायच्या आधीच उतरले आणि उरलेलं चालत गेले.

मी ठेंगणी आहे. माझा आवाज कोर्टात पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचतो. खडे बोल मला आरशासमोरही जमत नाहीत. आणि ते पाणी मी प्यायले नाही. प्यायले असते तर आम्ही हरलो असतो. एवढं एक नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

मी नांदेडची. वडील पाटबंधारे खात्यात, म्हणजे सारखी बदली. शिक्षणात खंड नको म्हणून मला सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. तिथे मी उत्तम इंग्रजी शिकले आणि गप्प बसायला शिकले. पुढे पुण्याला कायदा केला आणि वडिलांचे मित्र तात्या यांच्याकडे ज्युनिअर म्हणून आले. तात्यांची वकिली लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. जिल्हा तेव्हा नवा होता. वाटणीत खुर्च्या आल्या, कपाटं आली, कायद्याची जाडजूड पुस्तकं मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिली. मी हळहळले तर तात्या म्हणाले, "राहू दे गं. आपले पक्षकार कुठं वाचायला मागतात?"

पहिल्या दिवशी मी तालुक्याच्या न्यायाधीशांना "माय लॉर्ड" म्हणाले. साहेबांनी मागे वळून पाहिलं, कुणी आलंय का म्हणून.

त्या साली पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. कोर्टाच्या व्हरांड्यातला माठ पालथा घातलेला होता. अशात एका दुपारी गयाबाई ऑफिसात आली. गावाचं नाव सांगत नाही, वकिलाने सांगू नये. तिथल्या मातंग वस्तीतली ही बाई. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ.

"गावाला टँकर येतो का?" मी टिपण घेत विचारलं.

"येतो की. नव्या जिल्ह्याच्या साहेबानं चालू केला."

"मग?"

"हिरीत ओतत्यात."

"मग विहिरीतून घ्या."

गयाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "वकीलसाब, ही पोरगी कुठली हो?"

"सिकंदराबादच्या शाळेतली," तात्या एखाद्या दुखण्याचं नाव सांगावं तसं म्हणाले.

मग दोघांनी मला समजावलं. गावात त्या उन्हाळ्यात तग धरेल अशी खोल विहीर एकच, शिवमूर्तीअप्पांची, त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात स्वतःच्या खर्चाने बांधलेली. तिच्याभोवती छातीएवढी दगडी भिंत. भिंतीला एका बाजूने भोक आणि भोकाखाली बाहेर एक दगडी डोण, म्हणजे गुरांना पाणी पाजायला असते तसला लांबट हौद. वस्तीतल्या बायकांनी भिंतीच्या आत यायचं नाही. त्यांनी डोणीपाशी घागर घेऊन उभं राहायचं. आत पाणी शेंदणारीला दया आली तर ती एखादी बादली भोकात ओतणार, ते पाणी डोणीत येणार. चांगल्या पावसाच्या वर्षी दया बऱ्यापैकी यायची. दुष्काळात दयाही आटली. सरकारी पाणी टँकरने यायचं, विहिरीत पडायचं, आणि भिंतीबाहेरची डोण कोरडीच राहायची.

"पोलिसांत तक्रार दिलीय," गयाबाई म्हणाली. "तपास करून राहिले म्हणत्यात. दोन घरं पाहुण्याकडं निघून गेली. महिनाभरात काय न्हाई झालं तर वस्ती उठती बघा. आन् उठलेली वस्ती माघारी बसत न्हाई."

तात्यांनी दिवाणी दावा लावायचं ठरवलं. अप्पांनी वस्तीला विहिरीवर अडवू नये असा मनाई हुकूम मागायचा, आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता हुकूम आत्ताच घ्यायचा. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते: दिवाणी दावा आमच्याकडे पिढी ओलांडतो, पण तात्पुरता हुकूम आठवड्यात मिळू शकतो. अडचण एकच. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. सुट्टीच्या आधी हुकूम नाही मिळाला तर सुनावणी जूनमध्ये. जूनपर्यंत वस्ती नसती.

तात्यांचा गुडघा धरला होता. ते म्हणाले, "युक्तिवाद तू कर." मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी अमेरिकेत जाऊन पोचले.

ते कसं, ते सांगते. आपल्या घटनेत विहिरींचा उल्लेख आहे. सरकारी पैशाने चालणारी किंवा सर्व लोकांसाठी अर्पण केलेली विहीर असेल, तर तिथे जातीवरून कुणाला अडवता येत नाही. म्हणजे प्रश्न आला की आजोबांनी ही विहीर सर्वांसाठी अर्पण केली होती का? आणि 'सर्व' म्हणताना त्यांच्या मनात वस्ती होती का? हे वाचताना मला पुण्यात शिकलेला अमेरिकेतला एक खटला आठवला. एका गुलामाने आपण स्वतंत्र आहोत म्हणून दावा लावला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्यांनी घटना लिहिली त्यांच्या मनात ही माणसं नागरिक म्हणून नव्हतीच. तेव्हा आजही ती नागरिक नाहीत. निकालाशी असहमत असलेल्या एका न्यायाधीशाने दाखवून दिलं की घटना मंजूर झाली त्या वेळी काही राज्यांत काळे लोक मत देत होते. त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढे तिथे युद्ध झालं आणि घटनाच दुरुस्त करावी लागली. आपल्या घटनाकारांनी अस्पृश्यता सरळ नष्ट केली, पण ती म्हणजे नेमकं काय याची व्याख्या केली नाही. घटना समितीत तसं विचारलंही गेलं होतं. त्यामुळे आपल्या कोर्टांनाही अधूनमधून मागे वळून पाहावं लागतं की लिहिणाऱ्यांना काय नाहीसं करायचं होतं.

मी नांदेडला जाऊन ओळखीच्या प्राध्यापकांकडून पुस्तकं आणली आणि इंग्रजीत चाळीस पानं टाईप केली. तात्यांनी ती हातात तोलून पाहिली. "चांगली झालीत. उन्हात डोक्यावर धरायला होतील."

समोर अप्पांचे वकील काझीसाहेब होते. हैदराबादला उर्दूतून कायदा शिकलेले, पांढरी दाढी, मधाळ आवाज. वादीला ते अजून मुद्दई म्हणत. त्यांनी माझ्या सगळ्या अपेक्षांवर पाणी ओतलं, आणि तेही दया येऊन नव्हे. मला वाटलं होतं, ते म्हणतील की आजोबांना वस्ती नकोच होती. ते म्हणाले, आजोबा म्हणजे फरिश्ता!

"हुजूर, त्या बुजुर्ग माणसाच्या दिलात जातपात नव्हती. ज्याच्याजवळ दोर न्हाई, बादली न्हाई, त्या मुसाफिरासाठी त्यांनी डोण बांधली. डोण सगळ्यांना खुली. कैफियतीत तसं लिहून दिलंय आम्ही. वस्तीच्या लोकांना डोण सोयीची वाटते, ते तिथं येतात. रोकलंय कोणी?"

आता माझी पंचाईत पाहा. विहीर सर्वांसाठी अर्पण केली होती हे मला सिद्ध करायचं, तर आजोबा उदार हवेत. डोण हा भेदभाव आहे हे सिद्ध करायचं, तर आजोबा कर्मठ हवेत. मी सकाळच्या सत्रात आजोबांना संत केलं आणि दुपारच्या सत्रात सैतान. मधल्या सुट्टीत गयाबाई मला व्हरांड्यात म्हणाली, "बाई, तुम्ही त्या डोणीची तारीफ करून राहिल्या का?"

"नाही हो, मी म्हणत होते की डोण बांधली यावरून त्यांच्या मनात तुमचा विचार होता..."

"व्हता की. म्हणून तर भिंत बांधली."

दुपारी मी अमेरिकेला पोचले. काळ्या कोटात घाम येत होता, पंखा बंद होता, माझा आवाज दर वाक्याला आणखी खाली चालला होता. लघुलेखकाने लिहिणं केव्हाच थांबवलं होतं. साहेब बराच वेळ सहनशीलतेने ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ॲडव्होकेट बाई, अमेरिकेच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी असते का?"

"माहीत नाही, सर."

"आपल्याला आहे. परवापासून."

कोर्ट हसलं. काझीसाहेब हसले नाहीत. ते मला फार लागलं, कारण त्यांना माझी कीव आली होती.

साहेब दोघांकडे पाहून म्हणाले, "आजोबांच्या मनात मला शिरता येत नाही. विहिरीपाशी जाता येतं. उद्या सकाळी स्थळपाहणी."

स्थळपाहणी म्हणजे न्यायाधीशांनी स्वतः जागेवर जाऊन बघणं. जीप एकच होती. पुढे साहेब, मागे काझीसाहेब, लघुलेखक, मी आणि माझी चाळीस पानं. गडबडीत सकाळी घरून पाणीही न पिता निघाले होते. वाटेभर काझीसाहेब मला त्यांच्या नातीच्या इंग्रजी शाळेविषयी विचारत होते. एकमेकांच्या पक्षकारांचा जीव घेत असताना वकील असं बोलतात, हे मला तोवर अंगवळणी पडलं नव्हतं.

गावात लिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या. अप्पा सामोरे आले. साठीचे, कपाळावर भस्म, धोतर स्वच्छ, वागणं अत्यंत अदबीचं. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून पाहत होते आणि मला ते आवडले, हे लिहून टाकते. पितळी ताटात सरबताचे पेले आले. साहेबांनी हात जोडून नकार दिला, न्यायाधीशाने पक्षकाराचं घ्यायचं नसतं. काझीसाहेबांनी साहेबांकडे पाहून नकार दिला. मग मलाही द्यावा लागला. पेले माझ्या डोळ्यांसमोरून परत गेले.

विहिरीपाशी सारं गाव होतं. भिंतीच्या एका अंगाला अप्पांची माणसं, दुसऱ्या अंगाला लांबवर गयाबाई आणि वस्तीतल्या बायका. आणि डोण काठोकाठ भरलेली! पहाटेच कुणीतरी बादल्या ओतल्या असणार. काझीसाहेबांनी हात फिरवून दाखवलं, "देखिए हुजूर, कोरडी म्हणत होते."

साहेब भिंतीच्या आत जाऊन चाक, दोर, काठ पाहू लागले. मी बाहेर डोणीजवळ उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं. डोण आजच भरली आहे, हे सांगायला हवं होतं. पण एवढ्या लोकांत तोंड उघडायचं म्हणजे आधी जीभ टाळूपासून सुटायला हवी. घसा असा कोरडा पडला होता की शब्द सोडा, खोकलाही फुटेना. कुणाकडे पाणी मागायचं धाडस नव्हतं. अप्पांकडे मागितलं तर ते पक्षकाराचं, वस्तीतून मागवलं तर तेही पक्षकाराचं.

आणि तेव्हा माझ्या इंग्रजी शाळेतल्या मेंदूने आयुष्यातला सर्वांत काटेकोर कायदेशीर विचार केला. प्रतिवादीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं आहे की डोण कुणाही वाटसरूला खुली आहे. मी वाटसरू आहे. म्हणजे हा पाहुणचार होत नाही. मी पानं काखेत धरली, खाली वाकले आणि ओंजळ भरली.

त्या डोणीवर मी तीन आठवडे काम केलं होतं. तिची लांबी-रुंदी मला पाठ होती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त कैफियत होती आणि तहान होती.

"अहो ताई! ताई, थांबा! ते पिऊ नका!"

अप्पा ओरडत, धोतर सावरत भिंतीला वळसा घालून धावत आले. चेहरा घाबराघुबरा, जणू मी विष तोंडाला लावत होते. मी दचकले. बोटं सुटली आणि सगळं पाणी कोटावर सांडलं.

"ते नका पिऊ माय, ते त्येंचं हाय! आपल्या घरचं आणवतो की. काय तुम्ही बी, मला बापासारखं सांगायचं न्हाई का?" आणि मागे वळून, "अरे तांब्या आणा कोणी! घरातला आणा, चांदीचा!"

त्यांना माझं आडनाव माहीत होतं. 'आपल्या' म्हणताना त्यांनी ते मोजलं होतं. पण आवाजात कपट नव्हतं, काळजी होती. मी आजही ती काळजी विसरू शकत नाही आणि तिचं काय करायचं हेही मला कळत नाही.

काझीसाहेबांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "या अल्ला, अप्पा."

साहेब भिंतीच्या आतून माझ्याकडे, मग अप्पांकडे पाहत होते. शांतपणे त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे ते पाणी?"

अप्पा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "वस्तीचं, साहेब," ते म्हणाले. म्हणताना त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण हात खाली आला.

लांबून गयाबाईचा आवाज आला, मोठा, खणखणीत. माझ्या तोंडून निघायला हवा होता तसा. "बघा साहेब! बाईला चालंना, ते आमच्या लेकरांला चालतं व्हय?"

साहेब लघुलेखकाला म्हणाले, "घ्या लिहून."

परतताना जीपमध्ये माझा कोट ओला होता आणि घसा तसाच कोरडा. काझीसाहेबांनी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला. "बेटी," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत अशी जिरह, अशी उलटतपासणी पाहिली न्हाई मी. एक सवाल न्हाई विचारलास आणि माझा माणूस फोडलास."

"मी काहीच केलं नाही, साहेब."

"तेच म्हणतोय."

त्याच दिवशी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, हुकूम झाला. अडवणूक करायची नाही, वस्तीने विहिरीवर जाऊन पाणी शेंदावं. साहेबांनी लिहिलं होतं की विहीर बांधणाऱ्याच्या मनात काय होतं हे या टप्प्यावर ठरवण्याची गरज नाही. आज तिच्यात सरकारी टँकरचं पाणी पडतं, आणि डोण कुणासाठी आहे हे प्रतिवादीने आमच्यासमोर स्वतःच सांगितलं आहे. माझ्या चाळीस पानांना एक ओळ मिळाली: 'वादीतर्फे विस्तृत युक्तिवाद करण्यात आला.' तात्यांनी ती मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

नंतर मी आजोबांचा पुष्कळ विचार केला. संत की सैतान, हा प्रश्न मुळात मीच कोर्टात नेला होता. त्यांनी भिंतही बांधली आणि तिला भोकही ठेवलं. समुद्रापलीकडे समतेचं वाक्य लिहून घरी गुलाम ठेवणाऱ्यांनीही तेच केलं होतं. भोकाकडे बोट दाखवून उदारपणा सांगणारे काझीसाहेब तिथेही असणार आणि भिंतीबाहेर घागर घेऊन उभी गयाबाईही. कोर्टाने बांधणाऱ्याचं मन वाचत बसण्यापेक्षा भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण उभं आहे ते पाहावं, एवढं मला कळलं. ते चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

पहिल्या दिवशी विहिरीवर एक पोलीस उभा होता. गयाबाईने निरोप धाडला म्हणून मी गेले. ती भिंतीच्या आत शिरली, दोर सोडला, घागर वर काढली. अप्पांच्या आळीतल्या बायका दूर उभ्या होत्या. दोन-चार दिवस त्या आल्या नाहीत. मग आल्या. त्या उन्हाळ्यात दुसरीकडे पाणीच नव्हतं, रुसायची सोय कुणालाच नव्हती. गयाबाईने मला पेला भरून दिला. हे पाणी मात्र मी प्यायले. गढूळ होतं आणि डिझेलचा वास येत होता.

"एवढ्यासाठी भांडलो होय?" मी तोंड पुसत म्हणाले.

"मग? तुम्हाला काय सरबत वाटलं व्हतं?"

वस्तीतली पोरं त्याच दिवशी घण घेऊन डोण फोडायला निघाली होती. गयाबाई आडवी झाली. "फोडू नका. फोडली की उद्या हेच म्हणतील, असलं काय नव्हतंच गावात."

वस्ती उठली नाही. गेलेल्या दोन घरांतलं एक परत आलं. दुसरं आलं नाही.

अप्पांनी नव्या जिल्ह्याच्या कोर्टात अपील केलं आहे. काझीसाहेब पुन्हा आजोबांच्या दिलाविषयी बोलणार आहेत. मीही पुन्हा पुस्तकं आणली आहेत, खोड जात नाही. गेल्या महिन्यात गयाबाईची सही घ्यायला गावी गेले, तेव्हा डोणीत कुणीतरी कांदे वाळत घातले होते. अपील म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगत होते, नेहमीप्रमाणे हळू आवाजात आणि नेहमीप्रमाणे लांबण लावून.

"म्हणजे साहेब लोक परत बघायला येतील?" तिने मध्येच विचारलं.

"येऊ शकतात."

तिने डोणीतले कांदे बाजूला सारले, तळाच्या दगडावर हात फिरवला.

"मग ह्या वेळी घरनं तांब्या भरून आणा, बाई," ती म्हणाली. "हितं आता कोणी काय ओतत न्हाई."